जागतिक व्यापाराला कायद्याचे बंधन हवे



जागतिकीकरण हा शब्द गेली तीसपस्तीस वर्षे आपल्या कानांवर आदळत आहे. सभेत तो कोणी उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा दिल्ली आणि जिनिव्हा येथील विद्वानांचा विषय. आपल्या वस्तीतील नळ, मुलांची शिष्यवृत्ती, विहाराची जागा यांच्याशी त्याचा काय संबंध? हा समज चुकीचा आहे आणि तो आपल्याला महाग पडत आहे. ज्या घराने काल-परवा त्रिशरण-पंचशील घेऊन बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्याच घरातील जोडपे दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघते, आणि त्याने तोडलेल्या उसाची साखर परदेशी कंपनीच्या शीतपेयात विरघळते. जागतिक बाजार आपल्या दारात येऊन उभा आहे. तो मुकादमाच्या रूपाने येतो म्हणून आपण त्याला ओळखत नाही, इतकेच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. परदेशाशी व्यापारच नको, गावात पिकेल ते गावात खावे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आपण बसू शकत नाही. पूज्य बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्रकांड पंडित होते. त्यांनी आपल्याला दारे बंद करून बसावयास कधीही शिकविले नाही. स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कसा समाचार घेतला, हे सर्वविदित आहे. गावगाड्याच्या जाचातून आपल्या आज्या-पणज्यांना बाहेर काढले ते गिरणीने, गोदीने आणि रेल्वेने. तेव्हा आपले भांडण बाजाराशी नसून, तो बाजार कोणाच्या नियमांनी चालतो याच्याशी आहे. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. राज्याने उद्योगधंद्यातून अंग काढून घेतले म्हणजे मजूर स्वतंत्र होतो ही कल्पना त्यांनी खोडून काढली; राज्य निघून गेले की त्या रिकाम्या जागेवर मालकाचे राज्य येते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आता जगाच्या व्यापाराचे नियम पाहा. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. एखाद्या देशाने परदेशी औषध कंपनीच्या एकस्वाचे रक्षण केले नाही, तर त्याच्याविरुद्ध तेथे फिर्याद होऊ शकते आणि निर्णय न पाळल्यास त्याच्या मालावर प्रतिशोधाची जकात बसू शकते. (त्या संघटनेचे अपील-मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, ही गोष्ट निराळी.) परंतु तोच माल करणाऱ्या मजुराला कुलूपबंद इमारतीत कोंडले, तर त्याची दाद तेथे लागत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे मंत्र्यांची परिषद भरली; श्रममानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आहे असे तेथे ठरले. श्रम संघटना १९१९ पासून उत्तमोत्तम ठराव करीत आली आहे. पण दंड करण्याची शक्ती तिच्यापाशी नाही. मालाला न्यायालय मिळाले, मजुराच्या वाट्याला ठराव आला.

या वाटणीला भारत सरकारनेही हातभार लावला, हे लपवून चालणार नाही. श्रीमंत देश मजुरांच्या कैवाराच्या नावाखाली आपल्या मालाला बंदी घालतील, अशी भीती त्या वेळी दिल्लीने आणि इतर गरीब देशांनी व्यक्त केली. ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु या भीतीच्या आड कोणाचा फायदा झाला? बोलणी करावयास बसलेल्यांत मजुरांचे प्रतिनिधी किती होते?

या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे बांगला देशात दिसून आले. ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत पाच कपडा कारखाने चालत आणि युरोप-अमेरिकेतील नामांकित दुकानांचे कपडे तेथे शिवले जात. वरचे मजले परवानगीवाचून चढविलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने यांनी आपली माणसे घरी पाठविली. कपडा कारखान्यांच्या मजुरांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. न आल्यास पगार कापण्याचा धाक होताच. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या वेळी तेथील कपडा मजुराचे किमान वेतन महिना ३००० टका होते.

बँकेचा कारकून घरी गेला आणि शिवणकाम करणारी मुलगी आत गेली, या दोहोंमधील फरक कशाचा? तडे दोघांनीही पाहिले होते. मुलीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता, कारण तिच्या पाठीशी संघटना नव्हती आणि मालाची तारीख चुकली तर परदेशी ग्राहक दुसरीकडे जाईल या भीतीने मालक पछाडलेला होता. आश्चर्य असे की, त्या इमारतीतील काही कारखान्यांची ‘सामाजिक तपासणी’ पूर्वी झालेली होती. इमारतीचे बांधकाम पाहणे हे आमच्या कामात मोडत नव्हते, असा खुलासा मागाहून करण्यात आला!

अशा तपासण्यांचे आणखी एक उदाहरण कराचीचे. तेथील अली एंटरप्रायझेस या कारखान्यास ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथे आग लागून २५० हून अधिक मजूर जळून आणि गुदमरून मेले. आग जाणूनबुजून लावली गेली असे पुढे २०२० साली तेथील न्यायालयाने ठरविले. परंतु खिडक्यांना गज आणि दारांना कुलपे कोणी घातली होती? मृतांच्या नातेवाइकांनी प्रमुख ग्राहक असलेल्या जर्मन कंपनीवर डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. जानेवारी २०१९ मध्ये तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. मी वकील आहे. मुदतीच्या कायद्याची आवश्यकता मी जाणतो. पण हजारो कोसांवरील परक्या देशात, परक्या भाषेत वकील शोधणाऱ्या विधवेला मुदतीचे दिवस मोजून दाखविणे म्हणजे न्याय, असे माझ्याने म्हणवत नाही.

राणा प्लाझानंतर मात्र एक नवी गोष्ट घडली. मे २०१३ मध्ये जागतिक कामगार संघटना आणि परदेशी कपडा कंपन्या यांच्यात आग व इमारतसुरक्षेचा करार झाला आणि पुढे २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. या कराराचे मर्म ध्यानी घ्या. तो सदिच्छेचा जाहीरनामा नव्हता. त्यात कामगार संघटना हा एक पक्षकार होता, कंपनी हा दुसरा, आणि भंग झाल्यास बंधनकारक लवाद होता. १६०० हून अधिक कारखान्यांची स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी झाली आणि तपासणीचे अहवाल गुप्त न ठेवता प्रसिद्ध करण्यात आले. २०१६ साली संघटनांनी दोन कंपन्यांविरुद्ध हेगच्या कायम लवाद न्यायालयात दावे दाखल केले. दोन्ही तडजोडीने मिटले आणि त्यांपैकी एका कंपनीला सुमारे २३ लाख डॉलर मोजावे लागले. ढाक्याच्या शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईसाठी परदेशात बसलेल्या कंपनीला हेगला जाब द्यावा लागला! हे दान नव्हे, दया नव्हे. हा सही केलेल्या कागदाचा प्रताप आहे. वेतनाचा प्रश्न त्या कराराने सोडविला नाही, संघटना करू पाहणाऱ्यांचा छळही तेथे थांबला नाही. तरीही दरवाजा कोठे आहे ते दिसले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे वर्गाचे दुखणे झाले. यात जातीचा काय संबंध? त्याला मुंबईच्या गिरण्यांची आठवण करून द्यावयास हवी. मुंबईचे सूत आणि कापड शतकापूर्वीच परदेशी बाजारांशी जोडले गेले होते. चीनचा बाजार आणि मँचेस्टरची स्पर्धा यांवर गिरणगावची चूल पेटत असे. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार पुष्कळ होते, पण साचेखात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात, त्यांना मज्जाव होता. कारण काय? धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य विणकऱ्याला चालत नसे. लाल बावट्याखाली जगातील कामगारांनो एक व्हा म्हणून गर्जना होत होत्या आणि साचेखात्याच्या दाराशी जात उभी होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र विलायती, बाजार जगाचा, पण सोवळे-ओवळे आपलेच, असा तो मामला होता.

आज हेच चित्र तमिळनाडूत पाहावयास मिळते. तेथील सूतगिरण्या आणि कपडा कारखाने जगभर माल पाठवितात. गरीब घरातील, त्यातही मोठ्या प्रमाणावर दलित घरांतील अविवाहित मुलींना वसतिगृहांत ठेवून, मजुरीचा मोठा भाग तीनएक वर्षांनी लग्नाच्या खर्चासाठी एकरकमी देण्याचे आमिष दाखविण्याची ‘सुमंगली’ नावाची पद्धत तेथे बोकाळली होती. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगल जिल्ह्यातील एका निर्यात कारखान्यात काम करणाऱ्या तरुण दलित मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच पर्यवेक्षकावर आला. आपल्याकडे अशा प्रसंगी मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते आणि चार महिन्यांनी सगळे शांत होते. तेथे तसे झाले नाही, कारण दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तमिळनाडू टेक्स्टाईल अँड कॉमन लेबर युनियन ही संघटना हटली नाही. देशी-परदेशी कामगार संस्थांच्या साहाय्याने तिने कारखानदार ईस्टमन एक्सपोर्ट्स आणि ग्राहक कंपनी एच अँड एम यांना करारावर सही करावयास लावले. मागाहून गॅप आणि पीव्हीएच या अमेरिकन कंपन्याही त्यात आल्या. एप्रिल २०२२ चा हा दिंडिगल करार प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. त्यात स्त्री म्हणून होणाऱ्या छळाबरोबरच जातीवरून होणाऱ्या छळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. दर २५ कामगारांमागे एक कामगार देखरेखीसाठी तयार करावयाची आणि तिने आणलेल्या तक्रारीची दखल घेतली नाही, तर ग्राहक कंपनीने त्या कारखान्याच्या मालाबाबत कारवाई करावयाची, अशी त्याची घडण आहे.

याच कारखान्याच्या मालाला २९ जुलै २०२२ रोजी अमेरिकन जकात खात्याने बंदरावर अडविण्याचा हुकूम काढला. त्या देशात १९३० सालचा एक जकात कायदा आहे, त्याअन्वये सक्तीच्या मजुरीचा माल आत येऊ शकत नाही. सुधारणा झाल्याचा पुरावा पाहून ७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, तो हुकूम उठविण्यात आला. मला येथे खंत वाटते ती अशी, की सक्तीच्या मजुरीस बंदी करणारे कलम २३ आपल्या घटनेत १९५० पासून आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला आहे. कायदा आपल्या घरात होता. धास्ती मात्र परक्या बंदरातील हुकमाची बसली.

आता आपल्या उसाच्या फडाकडे वळू. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो, जोडपे टोळीत सामील होते, मोळ्या बांधते, रात्री-अपरात्री गाडी भरते. हिशेब कोयत्याचा होतो; बाईचे नाव कोणत्याही कागदावर नसते. खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दुखणे वारंवार उद्भवू नये म्हणून बायका गर्भपिशवी काढून घेतात, अशी ओरड बीड जिल्ह्यातून झाली. २०१९ साली शासनाच्या समितीने तपास केला तेव्हा पाहणी केलेल्या स्त्रियांत १३,००० हून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले की, दोन जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्या ज्या कारखान्यांची साखर घेतात, त्यांच्या फडांतही हेच चालले आहे. कारखानदार म्हणतो, मजूर माझा नव्हे, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. परदेशी कंपनी म्हणते, आमची आचारसंहिता आहे. आणि मजुरापाशी काय आहे? फिटता न फिटणारी उचल.

कायद्याच्या दृष्टीने ही उचल म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. उचल फिटेपर्यंत कमी मजुरीवर राबणे आणि दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसणे, याला १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वेठबिगारी म्हणतो. असे कर्ज त्या कायद्याने संपुष्टात आले आहे. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने देणाऱ्यावर टाकली आहे, घेणाऱ्यावर नव्हे. तुम्ही बौद्ध झालात म्हणून तुमचे संरक्षण गेले, असा कोणी धाक घालील तर त्याला सांगा की १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठबिगारी करून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मग सुशासन म्हणजे काय? गुंतवणूकदारांच्या अहवालात या शब्दाचा अर्थ परवाने लवकर मिळणे असा असतो. भगवान बुद्धांनी तो निराळा सांगितला आहे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात चोऱ्या-दरोड्यांनी त्रस्त झालेल्या राजाला असा सल्ला मिळतो की, शिक्षेने हे थांबणार नाही; शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला पुरेसे वेतन दे. सिगालोवाद सुत्तात तर धन्याची कर्तव्ये मोजून दिली आहेत: शक्तीप्रमाणे काम, पोटापुरते अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, आपल्या गोडधोडात वाटा आणि वेळच्या वेळी सुट्टी. आजारपणात शुश्रूषा! अडीच हजार वर्षांपूर्वीची ही अट फडात आजही पाळली जात नाही. याच दृष्टीने बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना काम केले. कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची.

उलट आज काय होत आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे, तिचे मी स्वागत करतो. परंतु विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या कक्षेत येण्यास पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यावर होते, आता ते ३०० वर गेले. निरीक्षकाच्या नावापुढे ‘सुविधाकार’ अशी पदवी जोडली आहे. कोणाची सुविधा, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. बाहेर पाहावे तर फ्रान्सने २०१७ साली आणि जर्मनीने २०२१ साली आपल्या कंपन्यांना पुरवठासाखळीतील अन्यायाबद्दल जबाबदार धरणारे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ साली तसाच कायदा केला आणि उद्योगपतींची ओरड होताच २०२५ साली त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. तेव्हा त्यांच्यावर विसंबून बसण्यात अर्थ नाही.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्याला साखर आयुक्तांच्या गाळप परवान्यावाचून हंगाम सुरू करता येत नाही. शेतकऱ्याच्या उसाची थकबाकी ठेवणाऱ्या कारखान्याचा परवाना अडविला जातो, आणि ते योग्यच आहे. मग तोडणाऱ्याच्या मजुरीसाठी तो का अडू नये? साखर विकत घेणारी कंपनी, कारखाना आणि ऊसतोड कामगारांची संघटना यांच्यात दिंडिगलच्या धर्तीवर लवादाची तरतूद असलेला करार व्हावा. त्यात बाईचे नाव स्वतंत्र कामगार म्हणून लागावे, खाड्याचा दंड बंद व्हावा, आजारपणाचा खर्च कारखान्याने आणि खरेदीदाराने वाटून घ्यावा. आणि असा करार नसेल तर परवाना मिळू नये. साखर महाग होईल असे कोणी म्हणेल. होईल, किती, ते करार करणाऱ्यांनी हिशेब मांडून सांगावे. आज तो खर्च बाई आपल्या शरीराने भरत आहे.

हा करार उद्याच होईल असे नाही, आणि हंगाम तर दरवर्षी येतो. यास्तव एक काम प्रत्येक विहाराने आजच हाती घ्यावे. उचल घेण्यापूर्वी रक्कम, तारीख, मुकादमाचे पूर्ण नाव, कारखान्याचे नाव आणि ठरलेला टनाचा दर कागदावर लिहून घ्यावा. त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव घालावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या आणि एक प्रत विहाराच्या चिटणीसाकडे ठेवावी. मुकादम सही करावयास नकार देईल, तर तो नकारही तारीख घालून लिहून ठेवावा. जिल्हाधिकाऱ्यांकडे वेठबिगार कायद्याखाली अर्ज करताना पहिला प्रश्न येतो तो याच कागदाचा.